गोल पटाशीची धार

आखाडा बाळापूरच्या बाजारात मी पटाशी घ्यायला गेलो आणि कनीज भेटली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नाव जलालुद्दीन, धंदा खरादीचा. फिरत्या लाकडाला पटाशी लावून पलंगाचे पाय, लाटणी, रव्या करायच्या, हेच काम. वडील वारले होते आणि त्यांची हत्यारं झिजून बोटाएवढी उरली होती.

खाजा मिया शिकलगार जुन्या कानशी ठोकून पटाश्या बनवत. त्यांची मुलगी कनीज शेजारी बसून धारेचं दगडी चाक फिरवायची. मी लाकूड कोरायला एक गोल पटाशी घेतली आणि खरवडायला एक सपाट.

"धार लावून देऊ?" तिनं विचारलं.

"मला येते."

"येते का...?" ती हसली. "मग ठीक हाय."

ते हसणं डोक्यात घेऊनच घरी आलो. अम्मीला घरचं धारेचं चाक फिरवायला लावलं. ती म्हणाली, "पाणी टाक रे." मी ऐकलं नाही. जोरानं गोल पटाशी दाबली, ठिणग्या उडाल्या, मला बरं वाटलं. टोक निळं पडलं, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. पलंगाचा पहिलाच पाय घेतला आणि धार वळली.

पुढच्या बाजारी मी खाजा मियांसमोर उभा राहून ओरडलो, "चाचा, कच्चं लोखंड दिलं तुमी!"

विळ्याला धार लावायला आलेल्या मंजुळाबाईंनी विळा पिशवीत टाकला आणि निघून गेल्या. कनीजनं माझ्या हातातली पटाशी घेऊन उन्हात धरली.

"हे निळं काय हाय?"

"धार लावताना... झालं."

"चाकावर पाणी टाकलं व्हतं?"

"अम्मी म्हणत व्हती... मी न्हाई टाकलं."

"लोखंड न्हाई कच्चं, खरादीमिया. तुमी तापवून मऊ केलं." मग हळू आवाजात म्हणाली, "आन् अब्बाचं नाव घालवलं."

आता ती हसत नव्हती. मी खाजा मियांना म्हणालो, "चाचा, एवढी दुरुस्त करून द्या."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "चारचौघांत मालाला नावं ठेवली ना, बेटा? चारचौघांतच मागं घे. तवर मी ह्याला हात लावत न्हाई. माझा रिवाज हाय."

मी रागानं पटाशी उचलून निघालो. आठवडाभर काम अडलं, पण ते एवढं सलत नव्हतं. तिचं न हसणं सलत होतं. या पोरीनं परत माझ्याकडं पाहिलंच नाही तर...?

म्हणून पुढच्या बाजारी, भर गर्दीत, मी उभा राहिलो.

"ऐका हो! खाजा मियाचं लोखंड पक्कं हाय! मीच कोरडी धार लावून वाटोळं केलं! मला धार लावता येत न्हाई!"

भाजीवाल्यांतून कुणीतरी विचारलं, "मग येतं काय रं तुला?"

सगळे हसले. कनीजनं ओढणी तोंडाला लावली, पण डोळे दिसत होतेच. मंजुळाबाई विळा घेऊन परत आल्या.

खाजा मियांनी पटाशी भट्टीत लाल केली, पाण्यात बुडवली, पुन्हा हलकी तापवली. मग म्हणाले, "धार हा स्वतः लावंल. बेटी, दाखव त्याला."

कनीज एका हातानं चाक फिरवत होती, दुसऱ्यानं पाणी सोडत होती.

"दाबू नका. मनगट फिरवा... हळू. हां, असं. लई घाई करता तुमी."

"कशाची?"

"धारेची," ती म्हणाली आणि खाली पाहिलं. थोड्या वेळानं विचारलं, "घरी दोरी कोण ओढतं?"

आमच्या खरादीचं लाकूड दोरीनं फिरतं आणि दोरी दुसऱ्यानं ओढावी लागते. बहुतेक घरात ते काम बायको करते. हे तिला ठाऊक होतं.

"अम्मी. पण तिचे हात दुखतात."

"मग माणूस ठेवा."

"ठेवला व्हता... त्याचा माझा ताल जमला न्हाई."

"माझा जमंल, असं काहून वाटतं तुमाला?"

मी तसं म्हणालोच नव्हतो. मनात होतं, एवढंच.

"आत्ता... जमून राहिला ना," मी म्हणालो.

चाक थांबलं. तिनं ओले हात पुसले.

"अब्बाला विचारा," ती म्हणाली. "पण वरडून नका विचारू."

मी हळूच विचारलं. खाजा मियांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग होकार दिला.

तेरा वर्षं कनीजनं दोरी ओढली. गेल्या थंडीत तापानं गेली. लोक भेटायला येतात, लवकर गेली म्हणतात. खरं आहे. रडू येतं तेव्हा मी रडतो. पण नमाजानंतर अल्लाचा शुक्रही करतो, त्याचे आभार मानतो. दोरी ओढणारा खरादीच्या समोर बसतो, हातभर अंतरावर. बाकीच्या नवऱ्यांना बायको सकाळ-संध्याकाळ दिसते. मला ती तेरा वर्षं दिवसभर दिसली.