तिसरं तिकीट

"माहं तिकीट कोणी रद्द केलं, तेवढं शोधून द्या," हिमानी म्हणाली. "आईचं तोंड पाहाले नाई भेटलं मले."

पांढुर्ण्यात खासगी तपास करणाऱ्या अनुराधाबाईंनी तिला पाणी दिलं. त्यांचा मदतनीस मोतीराम वही काढून बसला. त्याला लिहायची हौस दांडगी, समजायची बेताची.

हिमानी शारजात नर्स. दिवाळीला सौसरला घरी आली, तेव्हा भाऊबीजेच्या ताटावरच आजारी आई म्हणाली होती, "एप्रिलमध्ये सहीला ये, संत्र्याचा बगीचा तुह्या नावावर करते." एप्रिलमध्ये शारजाच्या विमानतळावर कळलं, तिकीटच रद्द. ईदची गर्दी होती. नवी जागा तिसऱ्या दिवसाची मिळाली आणि आई दुसऱ्याच दिवशी गेली.

"तिकिटं कोण काढतं?" अनुराधाबाईंनी विचारलं.

"वैभवदादा. दोन रिटर्न तिकिटं जोडते, स्वस्त पडते. शारजाहून काढलेल्यावर दिवाळीत यायचं, मेमध्ये जायचं. नागपूरहून काढलेल्यावर दिवाळीनंतर जायचं, एप्रिलमध्ये यायचं. लय चिकट हाये दादा, चहात साखर मोजून टाकते."

"मग दिवाळीनंतर त्याच तिकिटावर गेलीस?"

"नाई. दादा म्हणे, आईले आराम पाहिजे, दोन दिवस आधी जा. त्यानंच नवं तिकीट देल्लं."

तिकीटवाला कुणाल हात जोडूनच बोलला. "म्या कायले रद्द करू, बाई? वैभवभाऊ पाच वर्षांपासून असंच जोडून राहिले. एकदा त्यायच्या साळ्याचं जायचं विमान हुकलं, तवा माह्याशी लय भांडले. नियम पाठ हायेत त्यायले."

"नवं तिकीट कधी घेतलं?"

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. दुकान उघडाच्या आधी उभे होते."

वैभव तर उलट चिडला. "पैसे माहे बुडाले, अन् मीच रद्द करीन?"

त्याच्या ओसरीवर सगळे बसले, तेव्हा मोतीराम म्हणाला, "बाई, कुणालच असन."

"रद्द कोणीच केलं नाही, मोतीराम. जायचं विमान सोडलं की त्याच तिकिटावरचं येणं आपोआप रद्द होतं. साळ्याच्या वेळी हेच झालं, म्हणून तर वैभव भांडला. मग साखर मोजणारा हा माणूस हातातलं तिकीट सोडून तिसरं का घेतो? आदल्या दिवशी बगीच्याची गोष्ट निघाली म्हणून. बहिणीला विमानात बसवतानाच यानं तिची परतीची वाट बुजवली."

वैभव चक्क हसला! असल्या भावाला ओवाळलं होतं पोरीनं.

"बरं मंग? कोणतं कलम लावता? सही झाली नाई. आता अर्धा बगीचा माहा."

"कोणतंच लागत नाही, मेल्या," अनुराधाबाई म्हणाल्या.

हिमानीला बगीच्याचं काही पडलं नव्हतं. "दादा, आईले काय सांगतलं होतं?"

वैभवची बायको पल्लवी दारातून बोलली, "तुमी पैसे वाचवाले तिकीट वापस केलं, असं सांगतलं. अन् आईचा फोन त्यायनं उचलून नेला."

"मंग आई काय म्हणे?"

"नका विचारू, ताई."

"सांगा वहिनी."

पल्लवी रडायला लागली. "म्हणाल्या, तिची वाट पाहू नका. माह्या मातीले तिचा हात लागू देऊ नका."