चारच्या आत मुक्काम

जूनमधल्या एका मंगळवारी मी नवऱ्याला घेऊन घराबाहेर पडले, ती ट्रेलर बघायला. मर्सेड शहराच्या पलीकडे एका विधवा बाईंच्या अंगणात तो उभा होता. सोळा फुटी, पांढरा, खिडक्यांना पिवळे पडदे. आत दोन पलंग, एक शेगडी आणि एक टेबल. रात्री त्या टेबलाचा तिसरा पलंग व्हायचा. जेर्मानोने चाकांना दोन लाथा घातल्या, खाली वाकून आस बघितला आणि म्हणाला, "चालेल हा."

तीन महिन्यांत त्याने आपणहून काढलेले ते पहिले शब्द.

हिल्मार गावात आमचा दुधाचा धंदा होता. जेर्मानोचे वडील समुद्रापलीकडच्या फायाल बेटावरून इकडे आले. ज्वालामुखीने त्यांचं घर राखेखाली घातलं होतं. आले त्याच आठवड्यात ते दुसऱ्याच्या गोठ्यात धारा काढायला लागले. पुढे आमचा स्वतःचा गोठा झाला आणि एक्केचाळीस वर्षं जेर्मानोने तो चालवला. पहाटे चारला एकदा, दुपारी चारला एकदा. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा चर्चमधून आल्यावर कोट खुंटीला अडकवून तो गोठ्यात गेला होता. एक्केचाळीस वर्षांत आम्ही लागोपाठ दोन रात्री कुठे राहिलो नव्हतो.

मार्चमध्ये गाई विकल्या. गुडघे गेले होते, मुलीला हा धंदा करायचा नव्हता. आयडाहोहून डर्क नावाचा एक भला माणूस आला, एकशे बारा गाई मोठ्या ट्रकांतून घेऊन गेला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत जेर्मानो फाटकात उभा होता. त्यानंतर रोज दुपारी चारला तो रिकाम्या गोठ्यात जायचा. तासभर नुसता उभा राहायचा. जेवण सुटलं, झोप गेली. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही. ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. गाय आटते ना, तसा माणूस आटत चालला होता माझ्या डोळ्यांदेखत.

म्हणून मुलीने, नेलियाने, हा प्रवास काढला. लासेनचा ज्वालामुखी बघायचा, तिथून समुद्राकडे उतरून रेडवूडच्या जंगलात राहायचं, मग घरी. नऊ दिवस. ट्रेलर आणल्यानंतरच्या रविवारी ती कॉम्प्युटर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. झुल्मिराही आली. झुल्मिरा म्हणजे जेर्मानोची थोरली बहीण, सत्तरीची, बिनलग्नाची, जिभेला हाड नाही. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गोड पावाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून तिने जाहीर केलं, "मीपण येणार. तुम्ही दोघं नऊ दिवस एकमेकांची तोंडं बघत बसलात तर एक जण परत येणार नाही."

जेर्मानो कोपऱ्यात बसला होता. आम्ही मुक्काम ठरवत होतो. मग तो अचानक उठला, खिशातून पेन्सिल काढली आणि नकाशावर वाकला.

"एवढं लांब नाही जमायचं," तो म्हणाला. "मध्ये अजून एक मुक्काम घाला. आणि रोज चारच्या आत पोचायचं."

"बाबा, चारच्या आत कशाला? उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो," नेलिया म्हणाली.

"चारच्या आत. जागा शेवटची हवी, कडेची. मागे मोकळं पाहिजे. आणि पाणी जवळ."

"बाबा, तुम्ही तिघं जाताय. कळप नाही जात."

त्या दुपारी चार कधी वाजून गेले ते त्याला कळलंच नाही. तो पेन्सिलीने वाट आखत होता आणि मी त्याच्या गालांवर रंग आलेला बघत होते. मी नेलियाला खुणेने सांगितलं, तो म्हणतोय तसंच कर.

जूनच्या शेवटी निघालो. जेर्मानोने गाडी ताशी चाळीस मैलांच्या वर नेलीच नाही. मागून लोक भोंगे वाजवत होते.

"अरे, तुझ्यापेक्षा आपला बाप बोटीतून लवकर आला होता," झुल्मिरा मागच्या सीटवरून म्हणाली.

तो हसला. खरंच हसला. पण त्याची नजर सारखी बाजूच्या आरशात जात होती. मला वाटलं, ट्रेलर ओढायची सवय नाही म्हणून बघतोय.

पहिला मुक्काम टेकड्यांच्या पायथ्याशी, ओकच्या झाडांत होता. साडेतीनला ट्रेलर लावला. मी शेगडीवर कॉफी ठेवली, झुल्मिराने पत्ते मांडले. जेर्मानो पायरीवर जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. चार वाजायला आले तशी पाखरं एकदम गप्प झाली. वारा पडला. आणि वास आला. मुरवलेल्या वैरणीचा आंबूस वास आणि त्याखाली कोमट दुधाचा. हा वास माझ्या ओळखीचा, माझ्या चादरींना चाळीस वर्षं येत होता. मला वाटलं, याच्या जुन्या जोड्यांचा असेल.

"लिडिया," झुल्मिरा हळूच म्हणाली, "कप बघ."

तिच्या कपातल्या कॉफीवर बारीक वर्तुळं उठत होती. एकामागून एक, सावकाश. जमिनीवरून काहीतरी जड चालत येतंय, आणि ते एकटं नाही, अशी.

बाहेर जेर्मानो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मी दारात गेले. समोर वाळलेलं गवत आणि ओक. बाकी काही नाही. तो आकडे मोजत होता.

"काय मोजतोस?"

"आल्या सगळ्या," तो म्हणाला, आणि आत येऊन दोन वाट्या सूप प्याला.

मला भीती वाटली का? वाटली. पण नवरा जेवत होता. बाईच्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात. त्या रात्री तो कूस न बदलता झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याचे गुडघे दुखले म्हणून मी गाडी चालवायला घेतली. पंधरा-वीस मैल गेल्यावर सहज आरशात बघितलं. डांबरी रस्ता होता, स्वच्छ, कोरडा. आमच्या मागे, ट्रेलरच्या मागे, रस्ताभर धूळ उठली होती. बसकी, रुंद, पिवळसर धूळ. संध्याकाळी शेतातून जनावरं परततात तेव्हा उठते तशी.

"हळू घे," जेर्मानो म्हणाला. "त्यांना दम लागतो."

मी पाय उचलला.

तिसऱ्या दिवशी लासेनला पोचलो. उंचावर अजून बर्फ होता. वळणावर थोडी दरड आली होती, ती काढेपर्यंत तासभर गाड्या थांबून राहिल्या. जेर्मानो घड्याळ बघत होता आणि त्याचा चेहरा पुन्हा मार्चसारखा व्हायला लागला. रस्ता मोकळा झाला तेव्हा पावणेचार वाजले होते. मुक्काम अजून लांब. गंधकाच्या झऱ्यांपाशी गाड्या लावायची जागा होती, तिथे त्याने मला थांबायला लावलं.

तिथली जमीन पांढरी-पिवळी, ओली, खालून उकळणारी. चिखल बुडबुडत होता, वाफेचे लोट उठत होते, आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात भरत होता. माणसांसाठी लाकडी फळ्यांची वाट केलेली, तिला कठडा. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, कवच पापडासारखं पातळ आहे, अशी पाटी होती. आमच्याखेरीज तिथे कुणी नव्हतं.

चार वाजले. वाफ खाली बसली आणि आमच्याभोवती दाट झाली. त्या वासातून तो दुसरा वास आला... कोमट दुधाचा. अंगाजवळून काहीतरी उबदार गेलं, माझी बाही सरकली. मग आणखी एक. फळ्या करकरत होत्या.

"वियोलेता," जेर्मानो म्हणाला. "लिडिया, ती तिकडे गेली."

त्याने कठड्यावरून एक पाय टाकला. मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. झुल्मिराने त्याची कॉलर पकडली.

"सोड. ती भाजेल."

"जेर्मानो, तिकडे काही नाही रे," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला दिसलं.

पांढऱ्या चिखलावर खूर उमटत होता. दुभंगलेला, खोल. मग त्याच्यापुढे दुसरा. मग तिसरा. प्रत्येक ठशात खालून पाणी चढत होतं आणि वाफ निघत होती. ठसे आमच्यापासून लांब, उकळत्या डबक्याकडे चालले होते. ते उमटवणारं मात्र कुणी दिसत नव्हतं.

वियोलेताला मी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, तिची आई बाळंतपणात गेली म्हणून. स्वयंपाकघरात शेगडीपाशी झोपायची ती. मी नवऱ्याचा पट्टा सोडला नाही, पण तोंड उघडलं आणि हाक मारली. आमच्या गोठ्यातली हाक, चाळीस वर्षांची.

"हो... हो... ये गं... ये वियोलेता..."

ठसे थांबले. कितीतरी वेळ नुसती वाफ. मग चिखलावर एक नवा खूर उमटला. आमच्या दिशेने तोंड केलेला. मग आणखी एक. मी हाक मारत राहिले, आवाज फाटेपर्यंत. कठड्याची लाकडी पट्टी कुणीतरी अंग घासावं तशी वाकली, आणि माझ्या मानेवर एक लांब, ओला, गरम श्वास पडला.

झुल्मिराने क्रॉसची खूण केली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं यांचं शेण काढलं. सुट्टीतसुद्धा सुटका नाही."

आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. तिथे, त्या वाफेत, एकमेकांना धरून. जेर्मानोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर मी भ्यायचं सोडलं. आम्ही उतरून समुद्राकडे गेलो, रेडवूडच्या जंगलात चार दिवस राहिलो. तिथे सकाळी समुद्रावरून धुकं येतं आणि दिवसभर झाडांत अडकून राहतं. खोडं एवढी जाड की एकामागे आमचा ट्रेलर लपेल. खाली गुडघाभर नेचे, झालरीसारख्या पानांचे. बोललं तरी आवाज लांब जात नाही. रोज चारला आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसायचो. झुल्मिरा विणायची, मी बटाटे सोलायची. नेचे आपोआप वाकायचे, परत उभे राहायचे, आणि चहूकडून रवंथाचा तो मऊ, दळल्यासारखा आवाज यायचा. जेर्मानो त्यांच्यातून फिरायचा. हवेत हात ठेवायचा, नावं घ्यायचा. एकदा त्याने माझा हात धरून पुढे नेला. हाताखाली उबदार कूस होती, वर-खाली होणारी. मी हात काढला नाही. आयुष्यात इतकं स्वस्थ मला क्वचितच वाटलंय.

शेवटच्या सकाळी धुकं एवढं होतं की ट्रेलर जोडताना गाडीचा हूक दिसत नव्हता.

"मोजल्यास?" मी विचारलं.

"आता कशाला," जेर्मानो म्हणाला. "सुट्टी संपली. जातील आपापल्या घरी." आणि तो पहिल्यांदा, आरशात न बघता, पंचावन्नच्या वेगाने निघाला.

घरी आल्यावर तो माणसात आला. भाजी लावली, शेजाऱ्याचं कुंपण दुरुस्त केलं, सकाळी सहापर्यंत घोरायला लागला. नेलियाला वाटलं, तिच्या प्रवासाने जादू केली. आम्ही तिला तसंच वाटू दिलं.

आठवड्याने, आम्ही जेवायला बसलो असताना आयडाहोहून डर्कचा फोन आला. फोन मी घेतला. त्याने आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग अडखळत म्हणाला, "बाई, एक विचारायचं होतं. तुमच्या गाईंना पूर्वी कधी असं काही झालं होतं का?"

"कसं?"

"जूनच्या शेवटी नऊ दिवस त्यांनी दुपारचं दूध दिलं नाही. सकाळचं ठीक. पण चार वाजले की सगळ्या एका दिशेला तोंड करून उभ्या राहायच्या, हलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी नैर्ऋत्येला. मग रोज थोड्या थोड्या उजवीकडे वळत गेल्या, पार पश्चिमेपर्यंत. तिथे चार दिवस. मग परत आल्या होत्या तशा वळल्या. गुरांच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. आता सगळं ठीक आहे, दूध भरपूर आहे..."

"मग झालं तर," मी म्हणाले.

"एक सोडून," डर्क म्हणाला. "एक अजून पश्चिमेलाच तोंड करून उभी आहे. कानातल्या बिल्ल्यावर एकशे सात नंबर आहे. खाते, पिते. पण वळत नाही."

मी फोनवर हात ठेवून जेर्मानोला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"पहिल्या वेताची आहे ती," तो म्हणाला. "तिला त्या धुक्यातून वाट कशी सापडणार." मग माझ्याकडे वळून, "लिडिया, त्याला विचार... तिची पाठ ओली असते का."

मी विचारलं. पलीकडून नुसता गोठ्यातल्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"हे मी अजून घरातसुद्धा बोललो नाही," डर्क शेवटी म्हणाला, अगदी हळू. "इथे मे महिन्यापासून पाऊस नाही, बाई. पण ती निथळत असते. आणि काल चारला तिच्या खुरांत... हिरवे, ताजे नेचे अडकलेले होते."