पोपटी स्वेटर

डोळ्यांत थेंब घातले की डॉक्टर सांगतात, आता अर्धा तास डोळे मिटून बसा. आम्ही सात-आठ म्हातारी माणसं भिंतीला टेकून तशीच बसलो होतो. बाहेर ऑगस्टमधली सर येऊन जात होती. आणि माझ्या उजव्या हाताला कुठेतरी एक आवाज... टिक्, टिक्... मग जरा थांबून पुन्हा टिक्. घड्याळ नव्हतं ते. घड्याळ असं अडखळत नाही.

मला राहवेना. डोळे किलकिले केले – सगळं धुकं. धुक्यात एक पांढरी दाढी, आणि तिच्याखाली दोन सुया हलत होत्या.

"काय करताय ओ?"

"विणतोय."

"डोळे मिटून?"

"उघडून तरी आत्ता काय दिसणार? तुम्हाला दिसतंय?"

"दाढी दिसते."

"मग बरंच दिसतं. ऑपरेशन कशाला करून घेताय?"

रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या सदुसष्ट वर्षांच्या विधवेने परक्या पुरुषाशी इतकं बोलणं खरं तर पुरे होतं. पण मला लहानपणापासून खोड आहे, एखादी गोष्ट कशी होते ते कळल्याशिवाय मी तिथून उठत नाही. मी विचारलं, "मला शिकवाल?"

त्यांनी कशाला म्हणून विचारलं, तेव्हा सांगितलं. माझा मुलगा रय्यान कॅनडात आहे. दोन वर्षं तो मागे लागला होता – अम्मी, घर बंद कर आणि कायमची इकडे ये. जूनमध्ये मी हो म्हटलं. चौदा डिसेंबरचं तिकीट निघालं. तिथल्या थंडीत घालायला स्वतःच्या हातचा स्वेटर न्यावा, असं मनात होतं.

"चार महिने आहेत," ते म्हणाले. "होईल."

त्यांचं नाव मुसाभाई. एकतीस वर्षं जहाजावर होते. तिथल्या एका परदेशी स्वयंपाक्याकडून ते विणायला शिकले. केबिनमधला सोबती झोपलेला असायचा, म्हणून दिवा न लावता बोटांनी टाके मोजायची सवय लागली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, लेक संगमेश्वरला दिली होती. पुरुषमाणूस विणतो हे मोहल्ल्यात कळू नये, म्हणून घरी दार लावून विणायचे. दवाखान्यात मात्र सगळ्यांचेच डोळे मिटलेले.

लोकर घ्यायला मी बाजारात गेले, तर दुकानदार म्हणतो, "तोरण करायचंय की बाळाची टोपी?" स्वेटर म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या घामट हवेकडे. एकाच रंगाची पुरेशी लोकर होती, पोपटी.

बुधवारी आणि शनिवारी, दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की मुसाभाई आमच्या मागच्या, खाडीकडच्या पडवीत येऊन बसायचे. मला खाला म्हणणारी भाची हुदा मोबाइल घेऊन मध्ये बसायची, लोकांनी बोलू नये म्हणून. पण लोकांपेक्षा तीच जास्त बोलायची.

आधी टोपी करायला घेतली. तिसऱ्याच ओळीत एक टाका सुईवरून निसटला आणि खालपर्यंत धावत गेला. माझ्या बापाच्या घरी आम्ही बहिणी माशांची जाळी विणायचो. जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ असते, एक तुटलं तरी शेजारचं तुटत नाही. हे कसलं विणकाम, एक सुटलं की सगळं जातं? मग मुसाभाईंची पाठ वळली की मी प्रत्येक टाक्याला गुपचूप गाठ मारू लागले.

दहा दिवसांनी टोपी झाली. हुदाने ती डोक्यावर ओढली, तर ती ताणेचना. नुसती वर बसून राहिली.

मुसाभाईंनी बोटाने चाचपून पाहिलं. "गाठी मारल्यात?"

मी टोपी त्यांच्या हातून ओढून घेतली.

"कुलसुमबी, ही समुद्रात टाका. बांगडा मिळेल."

हुदा हसून हसून आडवी झाली. मला राग आला, पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "गाठ नाही, तर मग ह्या टाक्याला धरून कोण ठेवतं?"

"शेजारचा टाका," ते म्हणाले. "आणि शेजारच्याला हा."

मी मान खाली घातली आणि टोपीची एकच ओळ तीनदा मोजली.

सप्टेंबरात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्याच बुधवारी मुसाभाई आले – आणि मला ते पहिल्यांदा दिसले. नीट. भुवईवर जुन्या जखमेची रेघ, सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं, आणि हसण्याआधी डावा गाल हलतो ते.

"काय पाहताय?" त्यांनी विचारलं.

"टाके."

"टाके माझ्या तोंडावर नाहीत."

"खाला खोटं बोलते," हुदा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

स्वेटरची पाठ झाली. पुढचा भाग झाला. खांदेही शिवून झाले. नोव्हेंबर संपत आला, आणि मुसाभाई हल्ली कमी बोलायचे. मी चुकले तरी चिडवायचे नाहीत. हळूच उसवून द्यायचे. स्वेटर लवकर व्हावा असं त्यांना वाटतंय की होऊच नये असं, हे मला ओळखता येईना... आणि मला स्वतःला काय वाटतंय, ते तर विचारायचीच भीती वाटे.

शेवटी एका शनिवारी ते म्हणाले, "चला, आता बाह्या. चव्वेचाळीस टाके घाला."

"चव्वेचाळीस कशावरून? माझ्या हाताचं माप तर कधी घेतलं नाहीत."

ते सुया पुसत राहिले. मग म्हणाले, "चार महिने समोर बसलोय. माप कशाला लागतं?"

हुदा उठली. चहा ठेवते म्हणून आत गेली. चहा तर आमचा मघाशीच झाला होता.

मी स्वेटर मांडीवर पसरला. "मुसाभाई, बाह्यांशिवाय नाही चालणार?"

"कॅनडात? गारठून जाल."

"रत्नागिरीत विचारतेय."

त्यांचे हात थांबले.

"काल रय्यानला फोन केला," मी म्हटलं. "घर बंद करणार नाही, असं सांगितलं. उन्हाळ्यात महिनाभर येईन, तेव्हा तिथे स्वेटर लागत नाही म्हणतात. तो रागावला. तिकीट, खोली, सगळं तयार केलं म्हणाला. हुदाकडून तुमचं त्याला कळलंच होतं. मग म्हणतो, अम्मी, तू निकाह करणार आहेस का?"

"मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, त्यांनी अजून विचारलेलं नाही."

डावा गाल हलला. पण हसू आलं नाही, डोळेच भरून आले. ते खाडीकडे पाहत राहिले, आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"विचारलं तर?"

"तर बाह्यांची लोकर उरते. थोडी आणखी आणली, की तुमचा स्वेटर होईल."

"पोपटी?"

"दुकानात तोच रंग आहे."

"माप तरी घ्या."

"कशाला?" मी सुई उचलली आणि पहिला टाका घातला. "मीही समोरच बसले होते."