नौकेच्या पोटातला थप्प आवाज

"टण," पैलवान म्हणाला. "आता तू."

चष्मीनं हातोडीचा दांडा बोटयार्डात टेकूंवर उभ्या केलेल्या नौकेच्या पोटावर आपटला. टण. वीतभर पुढे, पुन्हा टण. सुट्टीतला हा खेळ मामानंच दोन्ही भाचरांना शिकवला होता. फायबरचे थर घट्ट चिकटलेले असले की नौका वाजते. आतून सुटले की मुकी होते.

कीलपाशी दांडा पडला. थप्प.

काडीसारखा पैलवान चपापला. कील म्हणजे तळाला बोल्टांनी जखडलेलं टनभर वजनाचं लोखंडी पातं. वारा शिडांना आडवं पाडू लागला, की तेच नौकेला उभं ठेवतं. आत स्वयंपाक करायचा, झोपायचं, महिनोन्‌महिने समुद्रावर राहायचं, अशी ही नौका. मामानं ती बोटयार्डच्या मालकाकडून नुकतीच विकत घेतली होती; दुपारच्या भरतीला मामा-मामी तान्ह्या मुलीला घेऊन निघणार होते.

"कील निखळली तर?"

"नौका उलटणार," चष्मी म्हणाली. तिनं मुक्या जागेभोवती खडूनं ताटाएवढा गोल काढला.

"माझ्या रंगावर खडू?"

बोटयार्डच्या मालकानं पैलवानाच्या थोबाडीत मारली. तो लाकडी टेकूवर आपटला. ओठ फाटला, सदऱ्यावर रक्त सांडलं.

मामा नौकेला लावलेल्या शिडीवरून उडी टाकूनच खाली आला. त्यानं मालकाची कॉलर धरली, मालकानं त्याच्या पोटात गुडघा घातला. दोघं रंगाच्या डब्यांवर कोसळले.

"मामा, सोड त्यांना," चष्मी ओरडली. "काका, नौका मजबूत आहे ना?"

"खडकावर आपटली तरी ओरखडा येणार नाही," मालक धापा टाकत उठला.

"मग घाला घण. गोलात."

"घालतो की." त्यानं घण उचलला. धाड! घाव गोलाच्या डावीकडे बसला, घण उसळला. "बघा."

"गोलात, काका."

दुसरा घाव उजवीकडे.

"तुमचा नेम वाईट आहे, की फारच चांगला? दोन्ही वेळा गोल बरोब्बर चुकवलात."

मालकानं घण तिच्यावरच उगारला. मामानं दांडा वरच्यावर पकडला आणि कोपर त्याच्या नाकावर हाणलं. मालक गुडघ्यांवर बसला. मामानं घण फिरवून गोलाच्या मधोमध घातला.

घण दांड्यापर्यंत आत गेला. भगदाडातून भेगा बुजवायची पिवळी पुट्टी आणि काळं पाणी भळभळलं. मागोमाग गंजून तुटलेला बोल्ट पडला.

"नौकेच्या आधीच्या मालकानं ती खडकावर घातली होती," नाक धरून मालक पुटपुटला. "मी वरून पुट्टी भरली, रंग दिला आणि तुम्हाला विकली."

आवाज ऐकून मामी धावत आली. तिनं मुलीला चष्मीकडे दिलं आणि भगदाडात हात घातला. पार कोपरापर्यंत. मुठीत फायबरचा भुगा आला.

"या दोघांनी ठोकून बघितल्याशिवाय," ती म्हणाली, "आपली कुठलीही नौका पाण्यात उतरणार नाही."

मामानं पैलवानाच्या ओठावर ओला रुमाल धरला. "ऐकलंस? पास झालास."

"शाबासकी उजवीकडून दे," पैलवान म्हणाला. "डावी बाजू दुखतेय."