स्ट्रक्चरमधली वाडी

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कोणाच्या गळी उतरवायला बसलेलो नाही. पण त्या खोलीत मी होतो, तुम्ही नव्हता.

साल १९८८. रत्नागिरी, मारुती मंदिराजवळचं आमचं छोटं ऑफिस. पितृपक्षातला गुरुवार. आणि रात्र नव्हती...

भर दुपारचे बारा.

मी तेव्हा टेंपररी प्रोग्रामर. दोन वाजता मुंबईचे साहेब येणार होते. जुन्या युनिक्स मशीनवरचा प्रोग्राम नव्या मशीनशी नीट बोलला, तर मी कायम. नाहीतर बाडबिस्तरा उचलून मुंबई, आणि राजापूरला आई एकटी.

काम होतं C या संगणकाच्या भाषेतलं. नेटवर्कची तार मशीनला जिथे जोडतात, त्या कार्डाची माहिती एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या कप्प्यांत ठेवायची. आधी नाव, मग पत्ता, मग ते चालू की बंद. जुन्याने पाठवलेलं नव्याने जसंच्या तसं वाचायला हवं.

हे स्ट्रक्चर लिहिलं होतं हरिश्चंद्र घागने. माझा सीनियर. जुलैमध्ये काविळीने गेला बिचारा. त्याने नाव आणि पत्ता यांच्यामध्ये दोन बाइट, म्हणजे दोन अक्षरांपुरती जागा, रिकामे सोडले होते. त्यांना नाव दिलं होतं... वाडी.

आमच्याकडे पितरांसाठी वेगळं पान वाढून ठेवतात, ती वाडी. या दोन बाइटांनाही कोणी हात लावत नसे.

"बाबू, ती जागा आपली नाय हां," तो मला बजावायचा. "तशीच ऱ्हाऊंदे."

पण मी दीडशहाणा! फुकट जागा कशाला अडवायची, म्हणून सकाळीच ती ओळ पुसली.

बारा वाजता प्रोग्राम चालवला. नव्या मशीनवर नाव बरोबर आलं. पत्त्याच्या जागी नुसता कचरा.

पुन्हा चालवला. पुन्हा कचरा. शिपाई गंगाराम जेवायला घरी गेलेला. ऑफिसात मी एकटा.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला...

टक. टक. टक.

तिथे जुनं मशीन होतं. कोणीतरी दोनच बोटांनी टाइप करत होतं. हरिश्चंद्र तसंच करायचा.

मी दार ढकललं.

आवाज थांबला. खुर्ची रिकामी.

पडद्यावर माझी फाइल उघडी होती. मी ती बंद करून आलो होतो, शपथ घेऊन सांगतो. आणि पुसलेली ओळ पुन्हा जागेवर...

char wadi[2];

काही न सुचून मी नेटवर्कची तार उपटली. तार माझ्या हातात... आणि पडद्यावर कार्ड 'चालू'!

तशात माझ्या खोलीतलं नवं मशीन वाजलं. धावत गेलो. माहिती येऊन पडली होती. नाव बरोबर. पत्ता बरोबर. मधल्या दोन बाइटांत शून्य असायला हवं होतं...

तिथे दोन अक्षरं होती. एच. जी.

ओळ का हवी, ते मला नंतर समजलं. नवं मशीन पत्ता चारने भाग जाणाऱ्या जागीच मांडतं, आधीचे दोन बाइट आपणहून सोडतं. जुनं सोडत नाही. वाडी ठेवली की दोघांचं माप जुळतं. एवढं साधं! पण ती परत लिहिली कोणी?

तार मी परत जोडून ठेवली. दोनला साहेब आले. सगळं तपासलं. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही जागा सोडायचं कोणाला सुचलं?"

हरिश्चंद्रचं नाव ओठावर आलं होतं. पण आई डोळ्यांसमोर आली.

"मला, साहेब."

मी कायम झालो. या खोट्याबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. पण ते आत सलत राहिलं.

पुढच्या वर्षी हरिश्चंद्रच्या वर्षश्राद्धाला अलोरेला गेलो. त्याची बायको प्रभावती तिथे माहेरी राहत होती. ठरवलं होतं, वहिनींना सगळं सांगून मोकळं व्हायचं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या,

"बाबूभावजी, तुमालाच सुचला म्हणून सायबास कशाला सांगितलंत?"

तांब्याकडे नेलेला हात मी मागे घेतला.

"वहिनी... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्या दिशी तिन्हीसांजेला हे घरी आले, ते रागावूनच."

मी पाण्याला हातही न लावता उठलो. साहेब आले त्या दिवशी त्याला जाऊन दोन महिने झाले होते... आणि त्याचा राग गेला की नाही, हे विचारायची हिंमत मला आजही होत नाही.