बाळ्याचं आळं

"वाट अडवून बसायचं असेल तर निदान डावीकडे सरका. मागून पेन्शनर येतायत. ते कुणासाठी थांबत नाहीत."

पूर्वाने मान वर केली. वारज्याच्या टेकडीवर, अर्ध्या चढात, ती भर पायवाटेत फतकल मारून बसली होती. तोंड लालबुंद झालेलं आणि नवे बूट असे चावत होते की विचारू नका. फेब्रुवारीची गार सकाळ, तरी घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. समोर पिवळी टोपी घातलेला एक सावळा, उंच तरुण उभा होता, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन. तो हसत नव्हता, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दाबून धरलेलं दिसत होतं.

"मी बसले नाहीये... विश्रांती घेतेय," ती म्हणाली.

"असं होय. मला वाटलं, सत्याग्रह आहे."

पूर्वा सरकली. तो पुढे गेला, दोन पावलांवर थांबला आणि एक बाटली तिच्यापुढे धरून म्हणाला, "प्या. उरलेलं एखाद्या रोपाला घाला. इथे तशी पद्धत आहे. वर येणारा प्रत्येकजण पाणी आणतो, आणि ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं."

"माझं कुठलं?"

"ते मी कोण ठरवणार?"

तिने आजूबाजूला पाहिलं. वाटेच्या कडेला दगडांची नीटनेटकी आळी केलेली रोपं होती, प्रत्येकाखालची माती ओली. जरा बाजूला मात्र एक निष्पर्ण काटकी एकटीच उभी होती. तिला ना आळं, ना पाणी. पूर्वाला एकदम भरून आलं, का ते तिचं तिलाही कळलं नाही. उरलेलं सगळं पाणी तिने त्या काटकीच्या बुंध्याशी ओतलं. पिवळ्या टोपीवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

"छान," तो म्हणाला, आणि चढायला लागला.

आता टेकडीवर ही पूर्वा काळमेघ आली कशी, ते सांगायला हवं. मुलगी मूळची वर्ध्याची. नोकरी खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत आणि राहायला वारज्यात, म्हणजे शहराच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला पोट. वारज्यातला फ्लॅट खरं तर अक्षता नावाच्या मैत्रिणीने शोधलेला. अक्षता लग्न होऊन गेली, पूर्वा फ्लॅटमध्ये उरली. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्या कानांत इअरफोनची बोंडं, ऑफिसात सगळं बोलणं कीबोर्डवर. शुक्रवारी संध्याकाळी ती बसमधून उतरली की सोमवार उजाडेपर्यंत तिच्याशी बोलायची ती फक्त इमारतीची लिफ्ट. "कृपया दरवाजा बंद कीजिए." एका रविवारी पूर्वा लिफ्टला मोठ्याने म्हणाली, "हो गं बाई, करते." मग तिला स्वतःचीच भीती वाटली आणि ती जिन्याने वर गेली.

आणि व्यायाम? त्याची तर तिने पार शोभा करून ठेवली होती. जिमचे वर्षाचे पैसे भरून झाले, हौस पंधरवडाही टिकली नाही. योगाची चटई आणली, तिच्यावर आईने पाठवलेल्या कुरडया वाळल्या. दोरीवरच्या उड्या सुरू केल्या तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन म्हणाले, "आमचा पंखा अजून पडलेला नाही. आपली इच्छा काय आहे?" दिवसभर बसून पाठ धरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, चाललात तर या लागणार नाहीत. त्यातच कंपनीने नागपुरात नवीन ऑफिस काढलं. मॅनेजर विचारत होता, जाणार का? आई तर रोज फोनवर विचारायची, तिथे तुझं आहे कोण? नागपूरला हो म्हणायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

पण डॉक्टरांचं ऐकून ती टेकडी चढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अलार्म वाजला आणि तो बंद करायला हात गेला, तेवढ्यात तिला ती काटकी आठवली. आज तिला पाणी कोण घालणार? पूर्वा कुरकुरत उठली आणि बाटली भरून निघाली. वळणावर पिवळी टोपी बुटाची नाडी बांधत होती.

"आलात?" तो म्हणाला.

एवढाच शब्द. पण ती आली की नाही आली, हे कुणीतरी पाहिलं होतं. त्या दिवशी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून पूर्वा तो शब्द खराडीपर्यंत घोळवत राहिली.

मग रोजचंच झालं. मार्चमध्ये काटकीला फिकट गुलाबी फुलं आली आणि पूर्वाला आभाळ ठेंगणं झालं. तिने काटकीचं नाव बाळ्या ठेवलं. आळं करताना हाताला फोड आला, तो तिने ऑफिसात सगळ्यांना दाखवला. टेकडीवरची माणसंही ओळखीची झाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या सरोजिनीबाई तिला बघून विचारायच्या, "काय म्हणतोय तुझा बाळ्या?" आणि तोंडाला पदर लावायच्या. पूर्वाला वाटायचं, दम लागलाय बिचाऱ्यांना.

पिवळ्या टोपीने एकदा चढताचढता नाव सांगितलं. "धम्मदीप गायकवाड. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. घरात बाबासाहेबांचा फोटो. आधीच सांगून ठेवतो, नंतर लोकांना अचानक कामं आठवतात."

"वर्ध्याच्या माणसाला हे पुण्याने सांगायची गरज नाही," पूर्वा म्हणाली. "दीक्षाभूमी आमच्याकडून जवळ आहे. तुम्हालाच लांब."

तो तेव्हा पहिल्यांदा मोकळा हसला. पूर्वाला एकाएकी चढ सोपा वाटला.

"दमलात?" तो रोज विचारायचा.

"छे."

"मग माझ्यासाठी थांबा. मी दमलोय."

तो दमलेला नसायचा. तिला ते कळायचं, आणि आपल्याला कळतंय हे त्यालाही कळत असणार. थांबत थांबत माथ्यावर पोहोचले की दोघं कठड्याच्या दगडावर टेकायचे. खाली धुरकट शहर हळूहळू उजळायचं. त्याच्या बाहीचा तिच्या बाहीला जेमतेम स्पर्श व्हायचा... दोघांपैकी कुणीही सरकायचं नाही. फोन नंबर मात्र कुणी मागितला नाही. टेकडीवरच्या ओळखी टेकडीवरच ठेवायच्या, असा तिथला अलिखित नियम. शिवाय उद्या भेट होणारच होती.

मे महिन्याच्या एका रविवारी सगळे कोयते घेऊन जमले. माजलेलं रान काढायचा दिवस होता. सीतारामकाका, जुने रेल्वेवाले, थेट बाळ्याकडे वळले.

"अहो काका, तो माझा आहे," पूर्वा धावली.

"तुझा?" काकांनी कोयता खाली केला. "अगं पोरी, ही उंदीरमारी. बाहेरून आणून लावलेलं झाड. याला पाणी लागत नाही की कुणी लागत नाही, आपलं आपण फोफावतं आणि इथल्या झाडांना जागा देत नाही. हजार उभी आहेत टेकडीवर, तीच तर काढतोय. धम्मदीप म्हणाला, या एकाला हात लावू नका, म्हणून इतके दिवस ठेवलं. आता किती दिवस ठेवायचं?"

कुणीतरी खुदकन हसलं. सरोजिनीबाईंचा पदर तोंडाला गेला, आणि आज पूर्वाला तो दम लागल्यामुळे नव्हता हे समजलं. बाहेरून आलेलं, कुणी लागत नाही... ते सगळं तिला स्वतःबद्दलच ऐकू आलं. तिने धम्मदीपकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग काऊन नाही सांगितलं?" संतापली की ती वर्ध्याची व्हायची.

"सांगणार होतो. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात... मग रोज यायला लागलात. म्हटलं, सांगितलं तर —"

"तर काय?"

पुढचं वाक्य एकांतात बोलण्याचं होतं, आणि तिथे अख्खी टेकडी कोयते घेऊन उभी होती.

"चांगली करमणूक झाली तुमची," पूर्वा म्हणाली, आणि बाटली तिथेच टाकून उतरली.

पुढचे दोन आठवडे कसे गेले, ते न सांगितलेलं बरं. अलार्म वाजायचा, ती बंद करायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पाठ पुन्हा धरली. कुणी फोन करेल म्हणावं तर नंबर कुणाकडे होता? शनिवारी दुपारी तिने लिफ्टचा तो आवाज ऐकला आणि तिला रडूच कोसळलं. या शहराला मी असले काय नि नसले काय, एवढंच तिच्या मनात राहिलं. मॅनेजरला तिने कळवलं, नागपूरचं सोमवारी नक्की सांगते.

पण रविवारी गंमत झाली. अलार्म लावलेला नसताना जाग आली. पडून राहायचं म्हटलं तर पाय ऐकेनात. ना बाळ्याला पाणी घालायचं होतं, ना कुणाला भेटायचं होतं, तरी ती बूट घालून बाहेर पडली. न थांबता, न बसता थेट माथ्यापर्यंत चढली. पहिल्यांदाच. आणि वर पोहोचून मागे वळली तर... सांगायला कुणी नव्हतं. कठड्याचा दगड रिकामा होता.

"आलीस एकदाची," मागून सरोजिनीबाई म्हणाल्या. "झाड काढलं हो सीतारामने. काढायलाच हवं होतं. आळं मात्र ठेवलंय, छान केलं होतंस. पाऊस पडला की तिथे बहावा लावू."

पूर्वाने कपाळावरचा घाम पुसला.

"आणि तुझा तो पाटबंधारेवाला. रोज वळणावर उभा राहायचा, नाडी सोडायचा नि बांधायचा. आता तोही येईनासा झालाय. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, विश्रांतवाडीहून माणसाने यायचं तरी किती दिवस?"

"विश्रांतवाडी? ते तर इथेच कालव्याजवळ राहतात ना?"

"मार्चपर्यंत राहायचे. भावाने तिकडे फ्लॅट घेतला, सगळं घर तिकडे गेलं. आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. तुला नाही बोलावलं, कारण मग तुला कळलं असतं." बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मी विचारलं त्याला, विश्रांतवाडीत चालायला रस्ते नाहीत का रे? म्हणे आहेत, पण सपाट आहेत."

पूर्वा मटकन त्या दगडावर बसली. म्हणजे हा माणूस अंधारात उठून, अख्खं पुणं पार करून, रोज तिच्या चढाच्या पायथ्याशी येत होता. कशासाठी? तर "आलात?" एवढं विचारण्यासाठी. आणि आपण त्याला करमणूक म्हणालो. तिला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

"सोसायटीचं नाव सांगता?" तिने विचारलं.

"विचारायला इतका वेळ लावलास," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि नाव सांगितलं.

त्या संध्याकाळी पूर्वाने आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. आडनावासकट.

सोमवारी पुरतं उजाडायच्या आत ती बूट बांधून रिक्षात बसली.

"एअरपोर्ट का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही. विश्रांतवाडी. व्यायामाला."

रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "वारज्यात बंदी आहे का?" तो म्हणाला आणि मीटर टाकला.

सोसायटीच्या फाटकाशी ती उभी राहिली तेव्हा कावळे नुकते बोलायला लागले होते. हा काय वेडेपणा, असं तिला तीनदा वाटलं. तेवढ्यात तो बाहेर आला. टोपी नाही, बूट नाही, पायात स्लिपर आणि हातात दुधाची पिशवी आणायची थैली. केस सगळे उभे. तिला बघून तो जागच्या जागी थांबला.

"आलात?" पूर्वाने विचारलं.

"मी दुधाला चाललोय."

"चालायला नाही?"

"सोडलं." त्याने थैलीची घडी केली, परत उलगडली. "एकट्याला कंटाळा येतो. खरं सांगायचं तर... टेकडीवरही मी रविवारचाच होतो. रोज यायला लागलो ते फेब्रुवारीपासून. झाडाचं सांगितलं असतं तर तुम्ही यायच्या थांबला असतात. तुम्हाला काही नसतं वाटलं. मला... सकाळ उरली नसती."

एवढं बोलायला त्याला टेकडी चढण्यापेक्षा जास्त दम लागला.

"मला काही नसतं वाटलं, हे कुणी सांगितलं?" पूर्वा म्हणाली. "या शहरात मी आले की नाही, हे तुमच्याशिवाय कुणी विचारत नाही. काल मी न थांबता वर चढले आणि वर तुम्ही नव्हता. मला तुमच्याशिवाय नाही चढायचं. नागपूरला आज नाही म्हणून कळवणार आहे."

दुधाची गाडी फाटकातून आत गेली, तरी धम्मदीप हलला नाही.

"घरी माझं नाव सांगितलंत?"

"काल सांगितलं. आईने आडनाव परत विचारलं. मग म्हणाली, तुला पहाटे उठवतो, असा हा मुलगा आहे तरी कोण, एकदा बघायला पाहिजे."

"हे हो झालं की नाही?"

"वर्ध्यात याला 'बघू' म्हणतात."

"पुण्यात 'नाही' म्हणतात," तो म्हणाला, पण आता तो हसत होता, ओठांच्या कोपऱ्यात काहीही न दाबता. मग त्याने हळूच तिच्या हातातली बाटली घेतली. बोटं बोटांना लागली, आणि दोघांनी ती तशीच राहू दिली. "उद्यापासून कसं करायचं? तुम्ही रोज इकडे यायचं नाही. झेपणार नाही."

"तुम्हीही तिकडे यायचं नाही."

"मग?"

"मध्ये कुठेतरी." पूर्वाने क्षणभर विचार केला. "मंडई. सकाळी गाड्या उतरतात तेव्हा भोवतीने फेऱ्या मारू. जाताना ताजी भाजी घेता येईल."

"भाजी," तो म्हणाला. त्याने स्लिपरकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एका घराची घ्यायची... की दोन?"

पूर्वाचे कान तापले.

"सध्या दोन," ती म्हणाली.