उलट्या पावलांनी

किटलीचं झाकण एकदाच खडखडलं आणि लुद्विकाला जाग आली. दुपार झाली होती. एरवी ही वेळ इर्काच्या दंग्याची. आज घर चिडीचूप होतं.

सुजलेले पाय तिने थंड लाकडी जमिनीवर टेकवले. मॅडिसन रस्त्यावरच्या हॉलमध्ये ती रात्री तिकिटावर नाचायची; तिकिटं पुरुष विकत घ्यायचे. एक तिकीट, एक गाणं, समोर येईल तो पुरुष. इर्काला सांभाळायला येणाऱ्या शेजारच्या तेक्लाकाकूंना हे ठाऊक होतं. पाच वर्षांच्या इर्काला मात्र, आई शर्ट शिवायला जाते, एवढंच सांगितलेलं.

स्वयंपाकघरात इर्का नाचत होती. मान ताठ. उजवा हात वर, कुणाच्या तरी पंजात दिल्यासारखा. डावा हवेतच, खांद्यावर टेकल्यासारखा. पावलं उलटी, मागे मागे. टेबलाचा कोपरा आला की न बघता वळायची. हे वळणं अंगात भिनायला लुद्विकाला दोन हिवाळे लागले होते.

"काकू, हिला हे तुम्ही शिकवलंत?"

तेक्लाकाकू कोबी चिरत होत्या. "मी? माझे गुडघे बघ आधी, मग आळ घे. सकाळपासनं चाललंय तिचं. म्हटलं, आईवर गेलीय पोर."

लुद्विका जवळ गेली. ओल्या लोकरीचा वास आला. इर्काच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, फ्रॉक आत दबला होता. मोठ्या माणसाच्या पंजाएवढा.

"इर्का, पुरे आता. ये इकडे."

"गाणं संपलं नाही अजून," इर्का वळता वळता म्हणाली. "तो म्हणतो, मी कोणाचीच नाही. मला नेलं तरी चालतंय."

शनिवारी ओल्या कोटातल्या एका माणसाने नाचताना विचारलं होतं, घरी मूलबाळ? हॉलमधल्या साऱ्याजणींचं उत्तर ठरलेलं असतं. लेकुरवाळीला दुसरं तिकीट कोण देणार? "छे, कोणी नाही," ती हसून म्हणाली होती. गाणं संपेपर्यंत तो तेच विचारत राहिला, आणि तीही तेच सांगत राहिली.

"आहे," लुद्विका आता मोठ्याने म्हणाली. "मला मुलगी आहे. ही माझी आहे."

काकूंची सुरी थांबली.

फ्रॉकचं दबलेलं कापड सावकाश वर आलं. पोरीचे हात खाली पडले.

लुद्विकाने तिला उराशी धरलं.

इर्का अंग चोरून उभी राहिली. मग दारात आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं तिने आईकडे बघितलं, आणि अदबीने विचारलं,

"बाई, तुम्हाला कोण पाहिजे?"